दूध डेअरीत गेलं, ताटात काय उरलं?



आज आपण एका जीवनसत्त्वाबद्दल बोलणार आहोत. त्याचं नाव ब-१२. दवाखान्यात त्याला बी-ट्वेल्व्ह म्हणतात. ते इतकं थोडं लागतं की एका बाईला वर्षभरात लागणारं सगळं ब-१२ एकत्र केलं तरी मोहरीच्या एका दाण्याइतकं वजन भरत नाही. पण तेवढंही पोटात गेलं नाही तर रक्त बनत नाही, नसा दुबळ्या होतात, आणि बाई पोटुशी असेल तर बाळाचंही नुकसान होतं.

गटाच्या बैठकीत एक वाक्य नेहमी कानावर येतं : "लाल गोळ्या खाल्ल्या, पालेभाजी खाल्ली, तरी अंगात ताकद नाही." अशा बाईला आपण आळशी म्हणतो, नाहीतर टेन्शन आहे म्हणतो. रोवणीच्या दिवसांत पायाला मुंग्या आल्या तर चिखलात उभं राहून आल्या म्हणतो. कधी ते खरंही असतं. पण कधी कधी कारण ताटात असतं, आणि ते डोळ्याला दिसत नाही.

आपलं ताट पाहू

कारधा घ्या, की वैनगंगेच्या काठचं दुसरं कुठलं गाव घ्या. सकाळी गाय-म्हैस दोहली की पहिलं माप डेअरीचं, नाहीतर पूल ओलांडून भंडाऱ्यातल्या गिऱ्हाइकाचं. त्यात चूक काही नाही. दुधाच्या पैशावर गटाचा हप्ता जातो, लेकराची फी जाते. घरात चहापुरतं दूध राहतं. उरलंच तर ते लहान लेकराला, म्हाताऱ्या सासऱ्याला मिळतं. घरच्या बाईच्या वाट्याला चहातलं चमचाभर येतं.

ती बाई माळकरी असेल तर मासळी नाही, अंडं नाही. माळकरी नसली तरी सोमवार, गुरुवार, एकादशी, श्रावण असे दिवस वजा करा. घरात मासळी शिजली तरी ती सगळ्यांच्या मागून जेवते, आणि तोवर गंजात रस्सा उरलेला असतो. मग तिचं रोजचं जेवण काय? भात, वरण, चून, वांगं, अंबाडी, लाखोरीची डाळ, जवसाची चटणी. जेवण चांगलं आहे, पोट भरतं. पण त्यात जनावरापासून आलेलं जवळजवळ काही नाही.

मोठ्या शहरांत आणि परदेशात काही लोक ठरवून असं जेवतात. दूध, दही, तूप, अंडी, मासे, मांस, मध यांतलं काहीच खात नाहीत. त्यांना व्हिगन म्हणतात. १९४४ साली इंग्लंडमध्ये अशा लोकांनी व्हिगन सोसायटी नावाची संस्था काढली. तेव्हा ब-१२ हे नावही कोणाला ठाऊक नव्हतं. पुढे अशा जेवणात ब-१२ कमी पडतं हे कळलं, आणि आज तीच संस्था आपल्या लोकांना सांगते की ब-१२ची गोळी घ्या, नाहीतर ब-१२ मिसळलेलं अन्न खा. त्यांनी आपलं तत्त्व सोडलं नाही. जी वस्तू ताटात येत नव्हती, ती दुसऱ्या वाटेनं आणली.

आपल्याकडच्या कितीतरी बाया तसंच जेवतात. फरक एवढाच, की त्यांनी ते ठरवलेलं नसतं, आणि गोळी घ्या असं त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

ब-१२ झाडापाल्यात का नाही?

ब-१२ ना झाड तयार करतं, ना जनावर. ते तयार करतात डोळ्यांना न दिसणारे जिवाणू. गाय-म्हैस चारा खाते, रवंथ करते. तिच्या पोटाच्या मोठ्या कप्प्यात असे जिवाणू असतात. चाऱ्यातून आलेला कोबाल्ट नावाचा धातू कणभर घेऊन ते ब-१२ बनवतात. ते गाईच्या रक्तात जातं, तिथून दुधात उतरतं. माशांना ते पाण्यातल्या बारीक जीवांकडून मिळतं. म्हणून दूध, दही, अंडी, मासे आणि मांस यांत ब-१२ असतं. पालक, शेवगा, तरोटा, डाळी, मोड आलेली कडधान्यं, फळं यांत ते नसतं.

आपल्या मोठ्या आतड्यातही असे जिवाणू असतात. पण ब-१२ शरीरात शोषलं जातं ते त्याच्या आधी, लहान आतड्याच्या शेवटच्या भागात. त्यामुळे पुढे तयार झालेलं आपल्या उपयोगी पडत नाही.

काही जण सांगतात, शिळ्या भातात ब-१२ असतं, आंबवलेल्या पिठात असतं, स्पिरुलिनाच्या पुडीत असतं. आंबवलेलं अन्न पचायला चांगलं, ते जरूर खा. पण ब-१२साठी त्यावर भरवसा ठेवू नका. स्पिरुलिनात जे असतं ते बहुतेक ब-१२सारखं दिसणारं पण शरीराला न चालणारं द्रव्य असतं. किल्ली कुलपात जाते, पण कुलूप उघडत नाही, तसं.

मुंबईच्या बाया आणि पुण्याची गावं

पालेभाजीचं महत्त्व यानं कमी होत नाही. ते महत्त्व जगाला कळलं त्यात आपल्या महाराष्ट्रातल्या गरीब बायांचा वाटा आहे. १९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर बाई मुंबईला आल्या. तिथल्या गरीब गर्भवती बायांमध्ये एक जीवघेणा पंडुरोग दिसत होता, त्याचा शोध घ्यायचा होता. विल्सबाईंना दिसलं की यीस्टचा अर्क दिला की या बायांचं रक्त सुधारतं. त्या अर्कातलं गुणकारी द्रव्य म्हणजे आज आपण ज्याला फॉलिक ॲसिड म्हणतो ते. पुढे १९४१ साली ते पालकाच्या पानांतून वेगळं काढलं गेलं. ब-१२ हे दुसरं द्रव्य. ते १९४८ साली हाती लागलं.

रक्त बनवायला लोह लागतं, फॉलिक लागतं आणि ब-१२ही लागतं. एक कमी असलं तर दुसरं दुप्पट घेऊन भागत नाही. धान पिकायला पाणी, खत आणि ऊन तिन्ही लागतात. पाणी कमी पडलं म्हणून बांधीत दुप्पट खत टाकून चालत नाही, तसंच हे.

आता पुण्याकडे जाऊ. तिथल्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास करत आले आहेत. या शेतकरी घरच्या बाया. गरोदरपणी त्यांचं रक्त तपासलं तर फॉलिकची कमतरता जवळजवळ कोणातच नव्हती. पण तीन बायांमागे दोघींत ब-१२ कमी होतं. मुलं सहा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासणी झाली. ज्या आयांमध्ये गरोदरपणी फॉलिक भरपूर आणि ब-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांच्या शरीरात इन्सुलिनचं काम सगळ्यांत जास्त अडखळत होतं. म्हणजे पुढे साखरेच्या आजाराकडे जाणारी वाट त्या मुलांत लवकर दिसू लागली होती. हा निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला.

हे ऐकून कोणी लाल गोळी बंद करू नका. लोह आणि फॉलिकची गोळी गरोदरपणात फार गरजेची आहे. सरकारी गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. लोहानं रक्त वाढतं, फॉलिकनं रक्त बनायला मदत होते. बाळाच्या पाठीचा कणा नीट जुळावा म्हणून फॉलिक तर दिवस राहण्याच्या आधीपासून हवं. पण त्या गोळीत ब-१२ नाही. ते ताटातूनच, नाहीतर वेगळ्या गोळीतून यायला हवं. एवढाच त्या अभ्यासाचा आपल्यासाठी अर्थ आहे.

बाळाला काय होतं?

मोठ्या माणसाच्या यकृतात ब-१२चा साठा असतो. दूध-मासळी बंद झाली तरी तो काही वर्षं पुरतो. म्हणून त्रास लगेच दिसत नाही, आणि दिसतो तेव्हा त्याचं कारण कोणाच्या लक्षात येत नाही.

बाळाचं तसं नाही. आईच्या अंगात ब-१२ कमी असेल तर बाळ रिकाम्या कोठीनंच जन्माला येतं. पुढे आईच्या दुधातही ते कमीच उतरतं. १९६२ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या डॉक्टरांनी अशी बाळं जगापुढे आणली. आईचं दूध पिणारी, अंगानं फार वाळलेलीही नाहीत, पण सुस्त. आधी हसणारं, मान धरणारं, बसू लागलेलं बाळ मागे जातं. हसणं कमी होतं, बसणं सुटतं. कातडी काळवंडते, विशेषतः हाताच्या बोटांची पेरं. हात, डोकं थरथरू लागतं. ब-१२ दिल्यावर अशी बाळं पुन्हा सावरतात. पण उशीर झाला तर मेंदूचं काही नुकसान कायम राहू शकतं.

म्हणून सहा महिन्यांच्या पुढचं बाळ शिकलेलं विसरायला लागलं तर 'नजर लागली' म्हणून थांबू नका. त्याच दिवशी दवाखान्यात न्या. आणि आईनं अंगावरचं दूध मात्र तोडू नये. आईला ब-१२ मिळालं की तिच्या दुधातही ते वाढतं.

खुणा कशा ओळखाव्या?

थकवा, दम लागणं, चेहरा फिका पडणं ही लोह कमी असल्याचीही लक्षणं आहेत. ब-१२ कमी असेल तर त्याबरोबर आणखी काही दिसू शकतं : जीभ लाल, गुळगुळीत होणं आणि तिखट झोंबणं, वारंवार तोंड येणं, हातापायांना मुंग्या येणं किंवा ते बधिर वाटणं, अंधारात चालताना तोल जाणं, विसरायला होणं, कारण नसताना मन उदास राहणं.

यांतला मुंग्या-बधिरपणाचा भाग सगळ्यांत महत्त्वाचा. नसा फार दिवस उपाशी राहिल्या तर नंतर औषध घेऊनही त्या पूर्ण सुधारत नाहीत. आणि नुसतं फॉलिक जास्त घेतलं तर रक्ताचा अहवाल सुधारलेला दिसतो, पण आत नसांचं नुकसान चालूच राहतं.

उपकेंद्रात बोट टोचून हिमोग्लोबिन पाहतात. साध्या बाईचं १२ आणि गरोदर बाईचं ११ ग्रॅमच्या खाली असलं तर रक्त कमी म्हणतात. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १०० बायांमागे ५४ जणींचं रक्त कमी निघालं. पण हिमोग्लोबिनच्या आकड्यावरून कारण कळत नाही. त्यासाठी पूर्ण रक्ततपासणी लागते. लोह कमी असेल तर रक्ताच्या पेशी लहान होतात, ब-१२ किंवा फॉलिक कमी असेल तर मोठ्या. दोन्ही कमी असेल तर पेशींवरून अंदाज येत नाही. मग डॉक्टर ब-१२ची वेगळी तपासणी सांगतात.

आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेलही आहे. घरात कोणाला सिकलसेल असेल तर रक्त कमी दिसलं म्हणून लोहाच्या गोळ्या आपल्या मनानं सुरू करू नका. आधी डॉक्टरांना विचारा.

आणखी काही जणींनी जपायला हवं. साखरेच्या आजारावर मेटफॉर्मिनची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल, ॲसिडिटीची गोळी रोज घ्यावी लागत असेल, किंवा वय साठीच्या पुढे असेल, तर खाल्लेलं ब-१२ नीट शोषलं जात नाही. अशांनी औषध बंद करायचं नाही, पण डॉक्टरांना ब-१२बद्दल जरूर विचारायचं.

किती लागतं, कशातून मिळतं?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली ठरवलेल्या प्रमाणानुसार मोठ्या माणसाला दिवसाला २.२ मायक्रोग्रॅम ब-१२ हवं. गरोदर बाईला थोडं जास्त, आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला ३.२ मायक्रोग्रॅम. आकडा लक्षात राहिला नाही तरी चालेल. हिशेब असा धरा :

पाव लिटर दूध किंवा तेवढंच दही घेतलं तर साधारण १ मायक्रोग्रॅम मिळतं, म्हणजे जवळजवळ निम्मी गरज भागते. पातळ ताकात त्याहून कमी. तुपात नाहीच म्हटलं तरी चालेल. एका अंड्यातून साधारण अर्धा मायक्रोग्रॅम, तेही मुख्यतः पिवळ्या बलकात. त्यामुळे बलक टाकून पांढरं तेवढं खाऊ नका. तलावातल्या रोहू-कतल्याचे चार-पाच चांगले तुकडे खाल्ले तर दिवसाची बहुतेक गरज भागते. चहातलं चमचाभर दूध तीनदा घेतलं तरी गरजेचा दहावा हिस्साही भरत नाही.

म्हणजे मासळी खाणाऱ्या घरात बाईच्या ताटात नुसता रस्सा नको, तुकडा हवा. अंडं चालत असेल तर आठवड्यातून चार-पाच अंडी हवीत. आणि माळकरी घरात दूध-दह्याचा तिचा वाटा आधी बाजूला काढायला हवा. पाच लिटर दूध डेअरीत जात असेल तर पाव लिटर मागे ठेवल्यानं किती रुपये कमी येतील ते घरात सगळ्यांनी मिळून मोजा. मग त्या रुपयांसमोर एका दवाखान्याच्या फेरीचा खर्च ठेवून पाहा.

दूध नसेल, चालत नसेल किंवा परवडत नसेल तर गोळी आहे. त्यात कमीपणा काही नाही. ब-१२ची गोळी कारखान्यात जिवाणूंकडूनच बनवून घेतात, त्यासाठी जनावर मारावं लागत नाही. माळकरी बाईनं कॅप्सूलऐवजी साधी गोळी मागावी, कारण कॅप्सूलचं वेष्टण कधी कधी जिलेटिनचं असतं आणि जिलेटिन जनावराच्या हाडा-कातडीतून निघतं. पुण्याच्या त्याच गावांतल्या तरुण मुलामुलींना २०१२ पासून एका अभ्यासात रोज फक्त २ मायक्रोग्रॅमची गोळी दिली गेली. एवढ्या लहान मात्रेनंही त्यांच्या रक्तातलं ब-१२ वाढलं. कमतरता जास्त असेल, मुंग्या-बधिरपणा असेल, तर मात्र जास्त मात्रेची गोळी किंवा इंजेक्शन लागतं. ते किती आणि किती दिवस, हे डॉक्टरांनी ठरवायचं. दुकानातून ताकदीचं इंजेक्शन म्हणून आपल्या मनानं घ्यायचं नाही.

रेशनच्या तांदळातले ते दाणे

आपला जिल्हा धानाचा. तांदूळ निवडण्यात आपला हात कोण धरणार? म्हणूनच रेशनच्या तांदळात वेगळे दिसणारे दाणे आले तेव्हा गावोगाव चर्चा झाली की तांदूळ प्लास्टिकचा आहे. ते प्लास्टिक नव्हतं. २०२१ पासून सरकारनं टप्प्याटप्प्यानं पोषणयुक्त तांदूळ द्यायला सुरुवात केली. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि ब-१२ मिसळून दाण्यासारखे दाणे बनवतात, आणि साध्या तांदळाच्या १०० दाण्यांत असा एक या हिशेबानं मिसळतात. असे दाणे आले तर वेचून फेकू नका. तांदूळ चोळून चोळून चार पाण्यांनी धुऊ नका, आणि पेज काढून टाकू नका. पाणी आटवून भात शिजवा, कारण हे गुण पाण्यात उतरतात.

पण एवढ्यावरही थांबू नका. अशा एक किलो तांदळात ब-१२ साधारण १ मायक्रोग्रॅम असतं. एक बाई दिवसाला पाव-दीड पाव तांदूळ खाते. म्हणजे तिला त्यातून पाव-अर्धा मायक्रोग्रॅमच्या आतच मिळतं. हातभार लागतो, पण काम पूर्ण होत नाही.

बाकीचं ताटही सांभाळा

ज्यांच्या जेवणात दूध अजिबात नाही, त्यांनी आणखी दोन-तीन गोष्टी पाहाव्या. कॅल्शियमसाठी तीळ, शेवग्याची पानं, मिळाली तर नाचणी. गरोदरपणात मिळणाऱ्या कॅल्शियमच्या गोळ्या टाकून देऊ नका. त्या लोहाच्या गोळीबरोबर एकाच वेळी मात्र घेऊ नका, एक सकाळी घ्या आणि एक रात्री. भाजी-डाळीतलं लोह अंगी लागावं म्हणून जेवणात लिंबू पिळा, आवळा ठेवा, आणि जेवणाला लागून चहा नको. ताकदीसाठी भाताबरोबर डाळ दाट हवी, नुसतं वरणाचं पाणी नको.

गटात काय करता येईल?

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की एक काम करा. प्रत्येकीनं काल दिवसभरात आपण स्वतः काय खाल्लं ते सांगायचं. घरात काय शिजलं ते नाही, आपल्या पोटात काय गेलं ते. दूध, दही, अंडं, मासा, मटण यांतलं काही नाव आलं का ते मोजा. आठवडाभर ज्यांच्या तोंडी हे नावच येत नाही, त्यांची यादी आशाताईंना द्या. त्यांत कोणी गरोदर, पाजणारी किंवा लग्न ठरलेली मुलगी असेल तर तिचं नाव सगळ्यांत वर लिहा. त्या सगळ्यांनी मिळून एका दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात जायचं आणि सरळ विचारायचं : आमचं रक्त कमी आहे ते लोहामुळे, ब-१२मुळे, की दोन्हींमुळे?

किशोरवयीन मुलींना विसरू नका. २०१६ ते २०१८ मध्ये झालेल्या देशव्यापी पोषण पाहणीत १० ते १९ वर्षांच्या शंभर मुलामुलींपैकी ३१ जणांत ब-१२ कमी होतं. उद्या याच मुली आया होणार आहेत. कोठी भरायची ती आत्ता.

माळ सोडायची गरज नाही, व्रत मोडायची गरज नाही, आणि गाय विकायची तर मुळीच नाही. दूध काढलं की डेअरीचं माप भरण्याआधी एक पेला बाजूला काढा. आणि तो ज्या बाईनं गाईचं शेण काढलं, चारा घातला, दूध काढलं, तिलाच प्यायला लावा.